आपला एक माणूस आहे

पनवेलमध्ये शेठ म्हणवून घ्यायला पेढी लागत नाही. थोडी जागा, थोडी ओळख आणि थोडं पोट एवढ्या भांडवलावर काम भागतं. जागा विमानतळात गेली तर साडेबावीस टक्क्यांत परत येते, ओळख हळदी-साखरपुड्यांत वाढते आणि पोट या दोघींच्या मागोमाग येतंच. आमच्या आळीतल्या शेठकडे तिन्ही गोष्टी मुबलक. वय बावन्न, उंची पाच फूट सहा इंच, वजन अठ्ठ्याण्णव किलो. ओळख मोजायचा काटा अजून निघालेला नाही.

"तिथे आपला एक माणूस आहे," या एका वाक्यावर शेठचा संसार उभा आहे. सातबाऱ्याचा उतारा असो, गाडीचा नंबर असो की फडके नाट्यगृहातली तिसरी रांग असो, शेठ स्वतः कुठे जात नाहीत. माणसाला फोन करतात. त्या माणसाचा माणूस येतो, काम होतं, चहा होतो, चहाबरोबर भजी होतात. अर्धं पोट या भज्यांचंच आहे.

वजन उतरवायचं ठरलं तेव्हाही शेठनी याच मार्गाने जाऊन पाहिलं. व्यायामशाळेचा मालक ओळखीचा निघाला, त्याने फी घेतली नाही. फी न भरल्यामुळे ती वसूल करायला जाण्याचंही कारण उरलं नाही. मग मुलाने मनगटावर बांधायचं पावलं मोजणारं घड्याळ आणून दिलं. दोन दिवस शेठ वडाळे तलावाला फेऱ्या मारायला गेले. तिसऱ्या दिवशी घड्याळ दुकानातल्या पोऱ्याच्या मनगटावर दिसलं. पोऱ्या दिवसभर मालाची ने-आण करतो. त्यामुळे शेठच्या मोबाइलवर रोज चौदा हजार पावलं जमा होऊ लागली, आणि रात्री जेवताना शेठ ती सगळ्यांना दाखवू लागले.

२०१८ च्या सुमारास अख्खा महाराष्ट्र दोन पंगतींत वाटला गेला होता. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण. दुसरीकडे ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं, वेळेवर, तुपाला न घाबरता. शेठचं दोन्हीकडे जमलं. दीक्षितांकडून पंचावन्न मिनिटं घेतली, दिवेकरांकडून तूप घेतलं. पंचावन्न मिनिटं त्यांनी एकदाही वाया जाऊ दिली नाहीत.

औषधाच्या बाबतीत तसं आमचं गाव नवखं नाही. धूतपापेश्वरची आयुर्वेदिक औषधं पनवेलात १८७२ पासून तयार होतात. शेठनी मेदोहर गुग्गुळही घेऊन पाहिला. वैद्यांनी गोळ्यांबरोबर दुपारची झोप बंद आणि रात्रीचं जेवण सूर्यास्ताच्या आसपास, असं लिहून दिलं होतं. शेठनी त्यातल्या गोळ्या तेवढ्या ठेवल्या.

आणि मग २०२५ चा मार्च उजाडला. आठवड्यातून एकदा पोटात टोचायचं मौंजारो नावाचं इंजेक्शन भारतात आलं, पाठोपाठ जूनमध्ये वेगोवी आलं. पहिल्यात टिर्झेपटाइड, दुसऱ्यात सेमाग्लुटाइड. आतड्यातून निघणाऱ्या हार्मोनची नक्कल करून ही औषधं मेंदूला 'पोट भरलं' असा निरोप पाठवतात आणि जठरातलं अन्न सावकाश पुढे सोडतात. शेठना हे कळलं त्या दिवशी ते संध्याकाळी माझ्याकडे आले.

"मास्तर, याचा अर्थ काय झाला? पोटात आपला एक माणूस बसवायचा. तो परस्पर मेंदूशी बोलणार. आपण मध्ये पडायचंच नाही!"

आयुष्यभर ज्या व्यवस्थेवर विश्वास ठेवला तिला विज्ञानाने दुजोरा दिला होता. माझ्या वाचनात आलं होतं ते मीही सांगितलं. गिला मॉन्स्टर नावाचा अमेरिकेतला विषारी सरडा वर्षातून मोजक्याच वेळा जेवतो. त्याच्या विषातलं एक द्रव्य न्यूयॉर्कच्या डॉ. जॉन इंग यांनी १९९० च्या दशकात शोधलं आणि त्यावरून या घराण्यातलं पहिलं औषध २००५ मध्ये बाजारात आलं. शेठ विचारात पडले.

"म्हणजे घोरपडच की. तानाजीला चढायला लागली, आपल्याला उतरायला लागणार."

अडचण एकच होती. औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. ओळखीच्या केमिस्टने हात जोडले. हार्मोनच्या डॉक्टर नवीन पनवेलला बसतात. त्या मूळच्या सोलापूरच्या. शेठनी आठवडाभर फोन फिरवले, पण सोलापुरात त्यांचा माणूस निघाला नाही. शेवटी ते नंबर लावून बाकावर बसले, आणि सोबतीला मला घेऊन गेले.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला काही होत नाही. फक्त चिठ्ठी पाहिजे."

"चिठ्ठी देईन. आधी तपासण्या करू."

तपासण्या झाल्या. तीन महिन्यांची साखर साडेसात निघाली. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ग्रेड टू. "सेकंड क्लास तर मिळाला," शेठ मला हळूच म्हणाले. मग मोबाइल पुढे करून त्यांनी ठेवणीतला पुरावा काढला. डॉक्टरांनी आकडे दोनदा वाचले.

"रोज चौदा हजार पावलं चालून साखर एवढी कशी?"

शेठ थोडा वेळ छताकडे बघत बसले. "ती पोऱ्याची आहेत."

"मग इंजेक्शन त्यालाच देऊ या का?"

त्या बाईंनी एवढ्या एका वाक्यात शेठना जिंकलं. पुढचे प्रश्न त्यांनी निमूट ऐकून घेतले. घरात कोणाला थायरॉइडचा कॅन्सर? एका विशिष्ट प्रकारचा असेल तर हे औषध देता येत नाही. स्वादुपिंडाला कधी सूज? पित्ताशयात खडे? दारू?

"कधीतरी."

"कधीतरी म्हणजे कधी?"

"हळदीला."

"वर्षातून हळदी किती?"

"लग्नसराईत विचारताय की एरवी?" आमच्या रायगडात लग्नापेक्षा हळद मोठी असते हे सोलापूरच्या बाईंना कुठून ठाऊक असणार? त्यांनी कागदावर 'वारंवार' असं लिहिलं.

मी शेजारी बसून मजा बघत होतो. डॉक्टरांनी टेप काढला, शेठची कंबर मोजली आणि सहज म्हणाल्या, "सर, तुम्हीही उभे राहा." मी हातापायाने काडी. टेप ९४ सेंटिमीटरवर थांबला. भारतीय पुरुषाची कंबर नव्वदच्या आत हवी, असं त्यांनी सांगितलं, आणि पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्टही सांगितली. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांचं उंचीच्या हिशेबात वजन सारखंच होतं, दोघांचाही बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. २००४ मध्ये दोघांनी आपापल्या फोटोसकट हे 'लॅन्सेट'मध्ये छापून टाकलं. आपल्याकडची बारीक माणसंही आतून लठ्ठ असू शकतात. परतताना रिक्षात शेठच्या तोंडून याज्ञिकांचं नाव तीनदा निघालं, आणि तीनही वेळा ते माझ्या पोटाकडे बघत होते.

चिठ्ठी मिळाली, पण शेठच्या मनासारखी नाही. त्यांना सगळ्यात मोठा डोस हवा होता. डॉक्टरांनी २.५ मिलिग्रॅम लिहिला, चार आठवडे तोच, मग पाच, पुढचं पुढे. एकदम वाढवलं तर उलट्या थांबत नाहीत. आलं तेव्हा २.५ ची कुपी ३,५०० रुपयांना होती, म्हणजे महिन्याचे चौदा हजार. शेठनी पैशांबद्दल हूं केलं नाही. ते अडले दुसऱ्याच ठिकाणी.

"कोर्स कधी संपणार?"

"हा कोर्स नाही. बीपीच्या गोळीसारखं आहे. बंद केलं की बहुतेकांचं बरंचसं वजन परत येतं. आणि प्रथिनं खाल्ली नाहीत, वजनं उचलली नाहीत, तर चरबीबरोबर स्नायूही जातात."

"म्हणजे माणूस पगारावर ठेवायचा," शेठ म्हणाले, "आणि त्याच्यावर देखरेख करायला आपण स्वतः उभं राहायचं." एवढं नेमकं त्या डॉक्टरांना आजवर कोणी परत ऐकवलं नसावं.

आता वार ठरवायचा होता. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. या दिवशी पोट तसंही शांत असतं, सुई वाया जाणार. राहिले बुधवार, शुक्रवार आणि रविवार, आणि हे तिन्ही मासळी-मटणाचे. गुरुजींना विचारलं. त्यांच्या पंचांगात इंजेक्शनचा मुहूर्त नव्हता. अखेर वहिनींनी बुधवार ठरवला, कारण त्या दिवशी भिशी नसते. कुपी फ्रिजमध्ये ठेवावी लागते, दोन ते आठ अंशांत. जिताड्याच्या तुकड्यांचा डबा उचलून तिथे तिला जागा दिली. पहिली सुई वहिनींनीच टोचली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आहेत. त्यांचा हात जराही थरथरला नाही.

पहिले दोन आठवडे शेठ मळमळ, बद्धकोष्ठ आणि पश्चात्ताप यांच्यात फिरत होते. तिसऱ्या आठवड्यात रात्री माझ्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा असा, की मला वाटलं कुणीतरी गेलं.

"मास्तर, एक विचारू? दुपारी जेवलो. त्यानंतर आत्तापर्यंत जेवण डोक्यात आलंच नाही. तुम्हा बारीक लोकांचं रोज असंच असतं का? जेवण झालं की संपलं?"

"हो. असंच असतं."

"रात्री अकराला फ्रिजमधलं श्रीखंड हाक मारत नाही?"

"नाही."

शेठ पायरीवर बसले. "मी बावन्न वर्षं त्या हाकेशी भांडत होतो. तुम्ही सगळे म्हणायचात, तोंडावर ताबा ठेवा. तुमचा माणूस जन्मापासून आत बसलेला, पगार नाही, काही नाही. आणि ओळखीवर कामं करतो म्हणून तुम्ही मला हसायचात!"

याला उत्तर मला आजतागायत सुचलेलं नाही.

गंमत पुढेच आहे. उभ्या आयुष्यात शेठनी आपली एकही ओळख लपवली नाही. उलट नसलेलीही सांगितली. ही एक मात्र त्यांनी लपवली. पॅन्ट ढिली झाली, सदरा खांद्यावरून ओघळला, लोक विचारू लागले. शेठ सांगायचे, "सकाळी गरम पाण्यात लिंबू. आणि तलावाला फेऱ्या." त्यांचं ऐकून आळीतल्या चौघांनी लिंबू सुरू केलं. माणूस लावून प्लॉट मिळवला तर लोक हुशार म्हणतात. माणूस लावून वजन उतरवलं तर मात्र पास होण्यासाठी कॉपी केल्यासारखं बघतात. शेठना गावाचा हा हिशेब पाठ होता. वहिनी भांड्यांचा आवाज करत म्हणायच्या, "खरं सांगायला काय होतं? साखर आहे, औषध चालू आहे. मी सहा महिने चालून चार किलो उतरवले तेव्हा कुणी विचारलंसुद्धा नाही." यावर शेठकडे उत्तर नसायचं. मग ते खरोखरच तलावावर जायचे. घड्याळही आता त्यांच्याच मनगटावर असतं. पोऱ्याची पावलं कुठे जमा होत नाहीत म्हणून पोऱ्या नाराज आहे.

बाहेर जेवायचे प्रसंग कठीण होते. हळदीत शेठनी दोन घास खाऊन ताट सरकवलं तर यजमान हात जोडून आला, "शेठ, काय चुकलं का?" एका साखरपुड्यात त्यांनी बिर्याणी नाकारली, तर शेठ पक्ष बदलतात अशी बातमी दुसऱ्या दिवशी कापड बाजारात पोचली.

आणि जानेवारीत पोपटी आली. शेताच्या बांधावर मडकं, आत वालाच्या शेंगा, मसाला लावलेलं चिकन, अंडी, वर-खाली भांबुर्ड्याचा पाला, मडकं उपडं करून भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. इतकी वर्षं शेठ हेच सांगून तीन मडकी संपवायचे. यंदा शेठ धरून तालुक्यातले पाच मातब्बर जमले होते. मडकं फुटलं, वास सुटला, ताटं भरली. मी सवयीप्रमाणे हात धुऊन तयार. आणि माझ्या लक्षात आलं, खाणारा मी एकटाच.

शेठ एक शेंग सोलत होते. समोरचे वाळूवाले शेठ अंड्याचा पांढरा भाग कुरतडत होते. ट्रान्सपोर्टवाल्यांनी तंगडी उचलली, न्याहाळली आणि आदराने परत ठेवली. माजी नगरसेवक म्हणाले, "आज जरा पित्त आहे." "मलाही," वाळूवाले म्हणाले. "हवाच तशी आहे," ट्रान्सपोर्टवाले म्हणाले. मग कोणीच काही बोलेना. पाच मोठी पोटं, पाच भरलेली ताटं. सगळे एकमेकांच्या सैल पट्ट्यांकडे बघू लागले.

शेवटी वाळूवाल्यांनी घसा खाकरला आणि शेठकडे झुकून विचारलं, "वार कोणता?"

शेठनी इकडेतिकडे पाहिलं. "बुधवार. तुमचा?"

"शनिवार."

"माझा रविवार," नगरसेवक म्हणाले. "नवीन पनवेलच्या बाई ना? पहिल्यांदा रांगेत बसलो राव."

पाच मिनिटांत चर्चा रंगली. कोणाला कुठे मळमळलं, कोणाचा डोस किती, सुई डावीकडे की उजवीकडे. मार्चमध्ये सेमाग्लुटाइडचं पेटंट संपणार आणि देशी कंपन्या उतरणार हेही निघालं. आपलं टिर्झेपटाइड वेगळं आहे, त्याला लागू नाही, हे शेठनी डॉक्टरांच्या सुरात समजावून सांगितलं. माझं एक मडकं संपत आलं होतं. शेठचं लक्ष तिकडे गेलं नाही. डोळ्यांत जुनी चमक आली होती.

"पाच जण आहोत," ते म्हणाले. "महिन्याच्या वीस सुया झाल्या. एकदम उचलल्या तर रेट कमी करायलाच पाहिजे. स्टॉकिस्टकडे आपला एक माणूस आहे."