पिशवी बाळगण्याविषयी काही कलमे

पर्यावरणाचा उत्सव साजरा करण्याचे जे अनेक प्रकार सांप्रत रूढ आहेत, त्यांत व्याख्यान देणे हा सर्वांत सोपा आणि भाजीला जाताना घरून कापडी पिशवी नेणे हा सर्वांत कठीण, असे माझे अनेक वर्षांच्या अपयशांती बनलेले मत आहे. आणि ज्याला जी गोष्ट साधली नाही त्यानेच तिचे मार्गदर्शन करावे, हा आपल्याकडील पूर्वापार शिरस्ता असल्यामुळे पुढील कलमे जिज्ञासूंच्या हितार्थ नोंदवून ठेवीत आहे.

कलम पहिले, पिशवीची निवड. ५ जूनच्या समारंभात फुकट मिळणारी पिशवी शक्यतो नम्रपणे नाकारावी. कारण तिच्यावर हिरव्या अक्षरांत वसुंधरेच्या रक्षणाचा उपदेश छापलेला असला, तरी चाचपून पाहता ती कापडाचे सोंग घेतलेली पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे जातीची प्लास्टिकच निघण्याचा संभव असतो. (राज्य शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने या बहुरूपिणीलाही बंदीच्या यादीत रीतसर बसविले होते.) ती अस्सल सुताची निघाली, तरी आमच्या कपाटात अशा तेवीस पिशव्या घडी न मोडता विश्रांती घेत आहेत, आणि त्यांच्यापायी कपाशीने किती पाणी प्यायले असेल याचा हिशेब विचारण्यास अद्याप कोणी आले नाही, एवढेच आमचे भाग्य. पिशवी जमविण्यात पुण्य नाही, झिजविण्यात आहे. माझ्या आईने वडिलांच्या जुन्या विजारीची पिशवी शिवली होती आणि विजारीचा मागचा खिसा यादी व सुटे पैसे ठेवण्यासाठी मुद्दाम शाबूत राखला होता. ती पिशवी विरून तिचे पायपुसणे होईपर्यंत घरात दुसरी आली नाही, आणि याला काही नाव असते हे आईला ठाऊक नव्हते.

कलम दुसरे, पिशवीचे स्थान. दारामागच्या खिळ्याला टांगलेली पिशवी आठ दिवसांत दिसेनाशी होते. ती जागच्या जागीच असते, दृष्टी तिला सरावते. सबब, पिशवीची घडी करून ती उजव्या वहाणेत कोंबून ठेवावी, म्हणजे तिला ओलांडून घराबाहेर पडण्याची मुभाच राहत नाही.

कलम तिसरे, विस्मरण. पिशवी घरी राहिल्याचा साक्षात्कार वांगी तागडीत पडल्यानंतरच होतो. अशा वेळी भाजीवाल्या मावशी इकडेतिकडे पाहून गोणपाटाखालून एक झिरझिरीत पिशवी काढतात आणि म्हणतात, "घ्या काका, एवढ्याने काय होतंय!" या क्षणी २६ जुलै २००५ चे स्मरण करावे. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि तुंबलेल्या मुंबईच्या गटारांत अशाच 'एवढ्याने काय होतंय' म्हणून घेतलेल्या पिशव्या अडकलेल्या होत्या. मग ५० मायक्रॉनहून पातळ पिशवीला राज्यात मनाई झाली. पुढे पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये दंड आणि तिसऱ्यास २५,००० रुपयांसह तीन महिने कैद अशी तजवीज झाली. २०२२ च्या अखेरीस देशभर १२० मायक्रॉनची अट आली. कायद्यातील पिशवी अशी उत्तरोत्तर जाड होत गेली. माझी सबब मात्र होती तेवढीच पातळ राहिली.

कलम चौथे, आपद्धर्म. मेथीची जुडी काखेत मारावी, मिरच्या रुमालात बांधाव्यात, लिंबे खिशात घालावीत. वांग्यांसाठी छत्री आहे. गेल्या आषाढात भर पावसात मी मावशींची पिशवी बाणेदारपणे परत केली, छत्री उलटी धरून तीत अर्धा किलो वांगी घेतली आणि पर्यावरणाचे रक्षण करीत, नखशिखांत भिजत घरी आलो. वाटेत दोन परिचितांनी प्रकृतीची चौकशी केली.

दारात पावसाळी रबरी चपला काढल्या, तेव्हा शेजारी कोरड्या ठणठणीत चामडी वहाणांपैकी उजवीत, दुसऱ्या कलमाबरहुकूम, पिशवी व्यवस्थित घडी करून ठेवलेली होती.

सबब, त्या कलमात दुरुस्ती : मृगापासून हस्तापर्यंत पिशवी छत्रीत ठेवावी.