कावळा मारण्याची रीतसर पद्धत

शेतावरचा कावळा बंदुकीने आटोक्यात आणायचा तर तीन गोष्टी लागतात: बंदूक, परवानगी आणि कावळा. यांपैकी विनाअर्ज मिळतो तो फक्त कावळा.

या विषयातला सर्वांत जुना दाखला रामायणातला आहे. सीतेला टोचा मारणाऱ्या कावळ्यावर रामाने दर्भाची काडी मंत्रून सोडली. कावळा तिन्ही लोक हिंडला, कोणी थारा देईना म्हणून शरण आला आणि एक डोळा देऊन सुटला. नेमबाज एवढा पक्का असूनही निकाल एका डोळ्याचा लागला, हे पाहता बारा बोरवाल्याने अपेक्षा माफक ठेवलेल्या बऱ्या.

अभ्यासासाठी इंदूरच्या लालबागेतला कावळा सोयीचा. होळकरांनी १८८६ ते १९२१ या काळात कान्ह नदीकाठी हा राजवाडा बांधला आणि त्याची फाटके बकिंगहॅम राजवाड्यावरून बेतून विलायतेत ओतवून आणली. फाटकावरून उडून आत जाणाऱ्याला त्यांचे विशेष काही वाटत नाही. आवारात जुनी झाडे आहेत, आणि पंखांच्या पल्ल्यात राऊ-रंगवाशाकडची बटाट्याची, लसणाची, गव्हाची शेते. मुक्काम राजवाड्यात आणि जेवण रयतेच्या शेतात, ही व्यवस्था पूर्वी सरदार-जहागीरदारांपुरती होती. संस्थाने विलीन झाल्यावर तिचा वारसा कावळ्याकडे आला.

त्यात इंदूर २०१७पासून वर्षामागून वर्ष देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरत गेले. देवगुराडियाचा कचऱ्याचा जुना डोंगर हटला, घंटागाडी दारात येऊ लागली, रस्त्यावर शेवेचा कण राहीनासा झाला. उकिरडा गेलेल्या कावळ्याने पोट कुठे भरायचे, या प्रश्नाला स्वच्छ सर्वेक्षणात गुण नाहीत.

नुकसान खरे आहे, ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मका पेरला की चार-पाच दिवसांत हिरवी सुई वर येते. कावळा ती चोचीत धरून अलगद उपटतो, मुळाशी चिकटलेला फुगलेला दाणा खातो आणि कोंब तिथेच आडवा टाकून पुढच्या सुईकडे वळतो. तासाच्या ओळीने, एकही न चुकवता. सकाळी शेतकरी येतो तेव्हा तासात खळगे आणि त्यांच्याशेजारी सुकलेले कोंब असतात. भुईमुगाचेही तेच. धोका मुख्यतः उगवणीनंतरच्या पहिल्या पंधरवड्याचा. रोप एकदा मूळ धरून उभे राहिले की या रीतीने ते हाती लागत नाही.

मात्र हाच कावळा नांगरामागून चालत हुमणी आणि अळ्याही टिपतो. बिहारमधल्या पुसा येथे मेसन आणि मॅक्सवेल-लेफ्रॉय या इंग्रज साहेबांनी पक्ष्यांची पोटे चिरून आतला माल तपासला आणि १९१२ साली त्यावर जाडजूड ग्रंथ काढला. कावळ्याच्या पोटात धान्यही निघते आणि किडेही. तेव्हा तो शेतकऱ्याचा मित्र की शत्रू, हे त्याला कोणत्या वेळी मारून चिरला यावर ठरते.

आता कायदा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गावकावळा पाचव्या अनुसूचीत होता, उंदीर-घुशी आणि फळे खाणाऱ्या वटवाघळांच्या पंगतीत. या मंडळींना ‘उपद्रवी’ म्हणत आणि त्यांना मारायला कोणाला विचारावे लागत नसे. २०२२च्या दुरुस्तीने सहांच्या चार अनुसूच्या केल्या, पाचवी गेली, आणि १ एप्रिल २०२३पासून कावळा दुसऱ्या अनुसूचीत बढतीवर आला. तारखेकडे पाहून कोणी ती थट्टा समजू नये. रीतसर परवानगीविना त्याला मारल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पन्नास वर्षे एका जागेवर काढून कोणत्याही खातेनिहाय परीक्षेशिवाय अशी बढती मिळाल्याचे उदाहरण सरकारी नोकरीत विरळा.

वाट बंद नाही. उभ्या पिकाला धोका असल्याची खात्री पटली, तर कलम ११खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, कारणे नमूद करून, लेखी हुकमाने मारण्याची मुभा देऊ शकतो. म्हणजे शेतकऱ्याने अर्ज करावा, वनरक्षकाने पंचनामा करावा, कागद भोपाळच्या दिशेने सरकावा. मक्याला पंधरा दिवस पुरतात. कागदाला पुरत नाहीत. दुसरी वाट कलम ६२ची. त्याखाली केंद्र सरकार ठरावीक भागात, ठरावीक मुदतीसाठी एखाद्या प्राण्याला पुन्हा ‘उपद्रवी’ जाहीर करते. बिहारने नीलगायीसाठी ती वापरली. २०१६च्या जूनमध्ये मोकाम्याला शिकारी बोलावून नीलगायी मारल्या, तेव्हा पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी हे एकाच मंत्रिमंडळातले दोन मंत्री एकमेकांवर तुटून पडले. नीलगायीला निदान मंत्र्यांचे भांडण तरी मिळाले. कावळ्यासाठी इतका खर्च कोण करणार?

बंदुकीचे प्रकरण वेगळ्या खात्याचे. १९५९च्या शस्त्र कायद्याने शेतकऱ्याच्या हाती मुळात ठासणीची बंदूक कल्पिली आहे. पीकसंरक्षण हे तिच्या परवान्याचे मान्य कारण. तीही पुरी पडत नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. ठासणीच्या बंदुकीत आधी नळीतून दारू ओतायची, चिंधी घालून गजाने ठासायची, मग छरे, वर पुन्हा चिंधी, आणि शेवटी टोपी बसवायची. एक बार झाला की हे सगळे पहिल्यापासून. कावळा तेवढ्या वेळात शेजारच्या बांधावर जाऊन उरलेला कार्यक्रम पाहतो.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. मध्य प्रदेशात विधानसभेचे मतदान २०१३, २०१८ आणि २०२३ अशा तिन्ही वेळी नोव्हेंबरात झाले. माळव्यात गव्हाची पेरणीही नोव्हेंबरातच. आचारसंहिता पाळण्यात कावळ्याइतके सातत्य कोणत्याच पक्षाने दाखवलेले नाही.

समजा, परवाना आहे, हुकूम आहे, निवडणूक नाही. तरी कावळा माणूस ओळखतो. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी २००६मध्ये आदिमानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे वर्षानुवर्षे तो मुखवटा दिसला की कावळे ओरडत अंगावर येत, पकडले न गेलेले आणि तेव्हा जन्मालाही न आलेले कावळेसुद्धा. गोळी ज्याने झाडली त्याचा चेहरा पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवणारा हा समाज आहे. मतदार असा असता तर बऱ्याच जणांची पंचाईत झाली असती.

परदेशात कावळे मारण्याचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डला १९४० साली रात्रीच्या वस्तीवर सुरुंग लावून सव्वातीन लाखांहून अधिक कावळे एका दमात उडवले. अमेरिकेत कावळे आजही आहेत. आपला गावकावळा मलायातल्या क्लांगला १८९०च्या दशकात सिलोनहून मुद्दाम नेला, कॉफीच्या मळ्यातल्या अळ्या खायला. पुढे त्याच क्लांगात त्याच्यावर गोळ्या झाडण्याच्या मोहिमा निघाल्या. केनियाने २०२४च्या अखेरीपर्यंत दहा लाख गावकावळे संपवण्याचे जाहीर केले, तेही मुख्यतः विषाने. बंदुकीवर भिस्त ठेवण्याइतका भाबडेपणा तिथे उरलेला नव्हता. काही कावळे मेले की उरलेल्यांना दाणापाणी आणि घरट्याच्या जागा जास्त मिळतात, पिल्ले जास्त जगतात, आणि बाहेरचे येऊन रिकामी फांदी भरून काढतात. रिकाम्या जागा भरण्याच्या बाबतीत सरकारी खात्यांनी यातून बोध घ्यायला हरकत नाही.

इंदुरात एकदम पुष्कळ कावळे गेले ते २०२०च्या डिसेंबरअखेरीस, डेली कॉलेजच्या आवारात. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन८ हा बर्ड फ्लूचा विषाणू असल्याचे सांगितले. विषाणूने कलम ११खाली अर्ज केला नव्हता. त्या दिवसांत कावळ्यापासून लांब पळणारे लोक श्राद्धपक्षात पान वाढून गच्चीवर त्याच कावळ्याची वाट पाहत उभे असतात, आणि तो आला नाही की दर्भाचा करून वेळ मारून नेतात.

शेतकऱ्यापाशी बिनपरवान्याचे उपाय पुष्कळ आहेत. बी थोडे खोल पेरावे, गावाने एकाच आठवड्यात पेरणी उरकावी म्हणजे नुकसान वाटले जाते, चकाकत्या फिती बांधाव्यात, पंधरा दिवस पोराला गोफण देऊन माळ्यावर बसवावे. बुजगावणे चार दिवस चालते. पाचव्या दिवशी कावळा त्याच्या डोक्यावर बसतो. सर्वांत गुणकारी म्हणून जुने शेतकरी एक कावळा मारून काठीला उलटा टांगतात. तो पाहून बाकीचे गलका करतात आणि काही दिवस त्या शेताला टाळतात. बंदुकीचा खरा उपयोग काय तो एवढाच: टांगण्यापुरता एक कावळा मिळवून देणे.

पण कलम ३९प्रमाणे उपद्रवी वगळता कलम ११खाली मारलेला प्रत्येक वन्यप्राणी ही राज्य सरकारची मालमत्ता असते, आणि कावळा आता उपद्रवी राहिलेला नाही. तो ज्याच्या हाती लागेल त्याने ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे वर्दी द्यावी आणि मागणी होताच मालमत्ता हवाली करावी. सरकारी मालमत्ता शेतात उलटी टांगण्याची तरतूद कायद्यात नाही.