टाकी हलवून पाहणारा गृहस्थ

गाडीला काटा असतो, तो चालू असतो, त्याच्यावरची काचही पुसलेली असते. तरी घरातून निघताना हा गृहस्थ स्कूटर स्टँडवरून उतरवतो, पाय रोवतो, हँडल दोन्ही हातांनी धरतो आणि गाडी डावी-उजवीकडे गदगदा हलवतो. मान सीटकडे झुकलेली, डोळे मिटलेले. अशा वेळी कुणी हाक मारली तर तो नुसता तळहात दाखवतो. आतून खळखळ ऐकू आली की निकाल लागतो, ‘‘आहे. हडपसरला जाऊन येईल.’’ मग तो काट्याकडे एक नजर टाकतो, पण ती काट्याची परीक्षा घ्यायला. पेट्रोल पंपावर याच गृहस्थाचा पोऱ्याने ‘झिरो बघा’ म्हणायच्या आत झिरो बघून झालेला असतो. शंभराचं पेट्रोल तो कधीच भरत नाही, एकशेदहाचं भरतो. शंभराला मशीन ‘सेट’ केलेलं असतं अशी त्याची खात्री आहे. प्रत्येक पंपावर तपासून शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ते मागून घ्यायचा ग्राहकाला हक्क आहे, हे त्याला पाठ असतं. स्वतः तो ते माप कधी मागत नाही, रांगेतल्या पुढच्या माणसाला मागायला सांगतो. सोसायटीत, कचेरीत, सासुरवाडीत त्याची यथेच्छ टिंगल होते. माझं म्हणणं मात्र असं आहे, की एखाद्या गोल्फ क्लबापुढे किंवा स्टेडियमच्या समितीपुढे, बसून चालवायच्या मोठ्या गवतकापणी यंत्राला इंधनाचा काटा कोणता घ्यावा असा प्रश्न आला, तर ते काम डोळे झाकून याच गृहस्थाच्या गळ्यात घालावं.

हा माणूस असा का झाला, हे आधी बघायला हवं. तो जन्मतः संशयी नव्हता. त्याला रिझर्व्हच्या कॉकने घडवलं. चेतक स्कूटर आली १९७२ साली, आणि पुढे कितीतरी वर्षं बहुतेक स्कूटर-मोटारसायकलींना इंधनाचा काटाच नसे. होता तो एक पितळी स्वभावाचा कॉक: बंद, चालू, रिझर्व्ह. रिझर्व्ह म्हणजे पोटात दडवलेली वेगळी छोटी टाकी असा पुष्कळांचा समज असे. प्रत्यक्षात टाकी एकच, तिच्यात तोंडं दोन; एक उंच नळीचं, दुसरं तळाशी. पातळी उंच नळीच्या खाली गेली की गाडी आचके द्यायची, मग चालत्या गाडीवर वाकून कॉक फिरवायचा. यात खोटेपणाला जागाच नव्हती, कारण माहिती देणारं कुणी मध्ये नव्हतं. पेट्रोल स्वतःच सांगायचं, की मी आता इथवर आलोय. अडचण एवढीच, की पेट्रोल भरल्यावर कॉक पुन्हा ‘चालू’वर आणायला माणूस विसरे, आणि पुढच्या वेळी आचके न देताच गाडी ठार बंद पडे. मग स्कूटर आडवी करून उरलेसुरले थेंब तोंडाशी आणायचे, ते संपले की ढकलायची. ढकलताना माणूस जे शिकतो ते विसरत नाही. पुढे एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचं बीएस-सहा हे मानक आलं, इंजेक्शनवाल्या गाड्यांबरोबर तो कॉकही गेला. पंप थेट टाकीत बसला, आणि तो पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहत असल्यामुळे टाकी कोरडी पाडणं महागात पडू लागलं. म्हणजे चुकीची किंमत वाढली आणि चूक पकडणारा कॉक तेवढा काढून घेतला. गृहस्थाने गाडी हलवू नये तर काय करावं?

आता काट्याची बाजू ऐकू. टाकीत एक तरंगणारा गोळा असतो, तो एका दांडीच्या टोकाला. गोळा वर-खाली झाला की दांडी एका रोधावर सरकते आणि त्या हिशेबाने डॅशबोर्डवरचा काटा हलतो. टाकी गच्च भरलेली असते तेव्हा गोळा छताला टेकलेला असतो, त्यामुळे बरंच पेट्रोल जळलं तरी काटा ‘भरली’वरून हलत नाही आणि मालक ॲव्हरेजवर खूश असतो. शिवाय टाकी काही चौकोनी डबा नाही, तिला खांदे असतात, बगला असतात. म्हणून निम्म्यावरचा काटा म्हणजे निम्मं पेट्रोल नव्हे. खड्ड्यात काटा नाचू नये म्हणून तो मुद्दाम आळशी केलेला असतो. आणि शेवटी, शून्यावर टेकल्यावरही थोडं पेट्रोल राहील अशी सोय बनवणाऱ्याने केलेली असते. घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवणाऱ्या घरात सगळ्यांना ती पाच मिनिटं पाठ असतात, तसंच याही सोयीचं होतं. ‘शून्यानंतर वीस किलोमीटर जाते’ हे ज्ञान घराघरांत पोचतं आणि विसाव्या किलोमीटरला गाडी थांबते. कुणी म्हणेल, आता सगळं डिजिटल झालं, अजून किती किलोमीटर जाईल तेही आकड्यात दिसतं. दिसतं खरं, पण बहुतेक गाड्यांत त्या आकड्याच्या मुळाशी तोच दांडीवरचा गोळा आहे. गोळा अडकला तर आकडाही अडकतो, फक्त अधिक आत्मविश्वासाने.

हे सगळं स्कूटरवर खपून जातं, कारण पुढच्या चौकात पंप असतो. गवतकापणी यंत्राचं तसं नाही. अमेरिकेत हिरवळ राखून देणाऱ्या ठेकेदारांचा मोठा धंदा आहे, ही यंत्रं दिवसभर चालतात. आपल्याकडे ती गोल्फच्या मैदानांवर, स्टेडियममध्ये, कंपन्यांच्या ऐसपैस आवारांत दिसतात. असं यंत्र मैदानाच्या मधोमध बंद पडलं, की कॅन घेऊन चालत जायचं, तापलेलं इंजिन गार होईपर्यंत थांबायचं (तापल्या इंजिनवर पेट्रोल ओतणं म्हणजे आगीला आमंत्रण) आणि ओतताना चार थेंब हिरवळीवर सांडले तर तिथलं गवत जळून पिवळा डाग पडतो, जो सामन्याच्या दिवशी सगळ्यांना दिसतो. डिझेलचं यंत्र असेल तर नळीत हवा धरते आणि ती काढत बसावी लागते. आता अशा यंत्राला काटा निवडायचा म्हणजे काय काय बघायचं? विजेवर चालणारा काटा देखणा असतो, पण त्याची जोडी जुळावी लागते. टाकीतला भाग अमेरिकी पद्धतीचा असेल तर टाकी रिकामी असताना त्याचा रोध २४० ओहम आणि भरली की ३३. युरोपी पद्धतीत रिकामी असताना १० आणि भरली की १८०. एकीकडचा भाग आणि दुसरीकडचा काटा जोडला तर भोकं बरोबर बसतात, स्क्रू बरोबर बसतात, दिवाही लागतो, आणि भरलेली टाकी रिकामी दिसते. त्यात दिवसभराची थरथर, तारांच्या जोडांत शिरणारी धूळ आणि गवताचा रस. झाकणातच बसवलेला साधा काटा मिळतो. त्यात पिळदार पट्टीवरून गोळा वर-खाली होतो आणि पट्टी फिरते. त्याला वीज लागत नाही, मात्र तो टाकीच्या खोलीइतकाच लांब हवा. आखूड घेतला तर तळाशी बरंच इंधन असतानाच शून्य दाखवतो. तिसरा पर्याय म्हणजे पारभासक टाकी किंवा बाहेरची उभी नळी, ज्यात इंधन नुसतं दिसतं. शिवाय पुष्कळ यंत्रांना डावी-उजवी अशा दोन टाक्या असतात आणि उतारावर चालताना एकीत जास्त, दुसरीत कमी दिसतं. समितीतले बाकीचे सदस्य कॅटलॉगमधला सगळ्यात चकचकीत काटा निवडतील. आपला गृहस्थ एकच विचारील, ‘‘यात पेट्रोल दिसतं का?’’ आणि दिसत नसेल तर पान उलटील.

यावर सगळ्यात जोरकस आक्षेप विमानाचा आहे. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मधले इंधनाचे काटे बंद होते. म्हणून कर्मचाऱ्यांनी आपल्या गृहस्थाच्या पद्धतीने, पट्टी लावून टाकीतलं इंधन मोजलं. पट्टी बरोबर होती. हिशेब करताना किलोऐवजी पौंडाचा गुणक धरला गेला. २२,३०० किलो हवं होतं, निघाले २२,३०० पौंड, म्हणजे निम्म्याहून कमी. ४१,००० फुटांवर इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते विमान तरंगत तरंगत गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं आणि सगळे वाचले. म्हणजे काट्यावर अविश्वास दाखवून, हाताने मोजूनही माणूस फसतो. मान्य. उलट बाजूचं उदाहरण मात्र अधिक कडू आहे. ६ ऑगस्ट २००५ ला ट्युनिशियाच्या एका कंपनीचं एटीआर-७२ विमान सिसिलीजवळ समुद्रात उतरवावं लागलं आणि ३९ पैकी १६ जण गेले. आदल्या दिवशी त्यात जो काटा बसवला होता तो एटीआर-४२ चा होता. तोही जागेवर बरोबर बसला होता, फक्त नसलेलं इंधन दाखवत होता. दोन्ही प्रसंगांतून आपल्या गृहस्थाची कमजोरी उघडी पडते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. यंत्रावर त्याचा विश्वास नाही. स्वतःच्या कानावर आणि तोंडी हिशेबावर मात्र आंधळा आहे. गच्च भरलेली टाकी हलवली तर आवाजच येत नाही आणि निम्मी भरलेली सगळ्यात जास्त खळखळते, हे ध्यानात न घेता तो आवाजाच्या मापाने किलोमीटर ठरवतो. हडपसरला तो पोचतो. येतो बसने.

ही उणीव भरून काढणारं माणूस त्याच्याच घरात असतं. घरगुती गॅसच्या सिलिंडरला काटा नाही, कधीच नव्हता. १४.२ किलोंपैकी आत किती गॅस उरला हे सांगायला काही नाही, तरी कोट्यवधी घरांत गॅस बिनबोभाट वेळेवर बदलला जातो. गृहस्थ तिथेही सिलिंडर हलवतो आणि ‘‘आहे अजून’’ म्हणतो. गृहिणी ओल्या फडक्याने सिलिंडर पुसते आणि बघते. खाली द्रव गॅस असतो तिथे पत्रा गार राहतो आणि पाणी उशिरा वाळतं, त्यामुळे गॅसची पातळी रेघेसारखी दिसते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी तिने लिहून ठेवलेलं असतं: ‘गॅस लावला’. दिवाळीच्या महिन्यात तो लवकर संपणार, मे महिन्यात सगळे गावाला गेले की पुरणार, हा हिशेब कागदावर असतो. मोठ्या गवतकापणी यंत्रांवर तासांचा मीटर असतो तो नेमका यासाठी, आणि तो बघून कुणीही काही लिहून ठेवत नाही हीच सगळीकडची रड आहे. किती तास चाललं, किती भरलं, एवढं दोन आठवडे टिपलं तर कुठलाही काटा खोटा बोलायला लागल्याबरोबर पकडला जातो.

तेव्हा ज्यांच्याकडे ही खरेदी व्हायची आहे त्यांनी पुढचं करावं. टाकी पारभासक घ्यावी, किंवा टाकीची खोली मोजून झाकणातला काटा घ्यावा. विजेचा घ्यायचाच असेल तर दोन्ही भाग एकाच बनावटीचे आहेत हे ओहममध्ये मोजूनच पैसे द्यावेत. समितीत या गृहस्थाला घ्या, आणि त्यांच्या सौभाग्यवतींना अध्यक्ष करा. यंत्राच्या शेडमध्ये दारामागे एक कालनिर्णय आणि दोरीने बांधलेली पेन्सिल टांगा. पेन्सिल बांधूनच ठेवा, नाहीतर गृहस्थ ती खिशाला लावून घरी घेऊन जातील.