पडत्या बाजूचे अण्णा

चहाच्या गाड्यावर एखाद्या मोबाइलभोवती डोकी जमली की सोलापूरच्या भवानी पेठेतले आमचे अण्णा चपला सरकवत येतात आणि एकच विचारतात, "कोण हरणार म्हणलालेत?" उत्तर मिळालं की अण्णा त्या बाजूचे. खेळ कोणता, देश कुठले, चेंडू हाताने मारायचा की पायाने, ह्या चौकश्या नंतर. एकदा त्यांनी अशी बाजू घेतल्यावर कळलं, की ती जुन्या सामन्याची क्षणचित्रं आहेत आणि निकाल लागून आठवडा झालाय. अण्णांनी बाजू बदलली नाही.

असा माणूस प्रत्येक पेठेत एक असतोच. निवडणुकीत ज्याचं डिपॉझिट जाणार त्याच्या मांडवात तो चहा पितो. कुस्तीत मातीला पाठ लागायच्या बेतात असलेल्या पैलवानाला ओरडून डाव सांगतो. अण्णांनी मात्र ह्या वृत्तीचं रीतसर खातं उघडलंय. सूतगिरणीच्या हिशेब विभागात जन्म गेला. निवृत्त झाल्यावर हाताला आकड्यांची सवय उरली आणि समोर आकडे नाहीत, म्हणून लाल कापडी बांधणीची एक वही घातली. तिच्यात स्वस्ताने महागाला, दुबळ्याने बळकटाला लोळवल्याच्या नोंदी आहेत. तारीख, ठिकाण, जिंकणारा, आपटणारा आणि शेवटच्या रकान्यात 'वसूल': चहा, भजी, क्वचित मिसळ. पैशाची पैज अण्णा लावत नाहीत. "पैशाची ती सट्टेबाजी. भज्याची ते तत्त्व."

वहीत हार कुठेच नाही. मी एकदा विचारलं, की अण्णा, तुमचे दुबळे हरतात ते कुठं लिहिता? माझ्याकडे त्यांनी कच्च्या कारकुनाकडे बघावं तसं बघितलं. "त्येच्यात लिहिण्यासारखं काय हाय ओ? ते तर जगाला आधीच माहीत होतं की." म्हणजे जमेची बाजू अण्णांच्या वहीत आणि नावेची गाडेवाल्याच्या उधारीत. दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघायचं धाडस पेठेत अजून कुणी केलेलं नाही.

पहिली नोंद अर्थातच २५ जून १९८३, लॉर्ड्सची. स्पर्धेआधी इंग्लंडातले बुकी भारतावर एकास सहासष्ट भाव देत होते. भारत १८३वर आटोपला, म्हणजे आता उठावं आणि जेवून झोपावं असा धावफलक, आणि वेस्ट इंडिज १४०त गारद. क्रिकेटच्या एका नामवंत इंग्रज संपादकाने भारतासारख्या संघांनी असल्या स्पर्धांतून अंग काढून घ्यावं असं लिहिलं होतं. अमेरिकेतल्या एका भारतीय वाचकाने त्याला आपले शब्द गिळायला लावले, आणि त्या गृहस्थाने, डेव्हिड फ्रिथने, तो छापील कागद खरोखरच तोंडात घालून फोटो काढवला. 'वसूल'च्या रकान्यात अण्णांनी इथे लिहिलंय: कागद.

तो विजय भारताला महाग पडला. कप आला आणि संघ अण्णांच्या मनातून उतरला. १९८७च्या विश्वचषकात भारत गतविजेता म्हणून उतरला तेव्हा अण्णा झिंबाब्वेकडून होते. झिंबाब्वे सहाच्या सहा सामने हरलं. वहीत १९८७चं पान नाही. ह्याच कारणाने आमच्या गावात जन्मलेल्या पॉली उम्रीगरबद्दल त्यांना ममत्व नाही. भारताकडून कसोटीत पहिलं द्विशतक त्याचं. "डबल सेंचुरीवाल्याला माझा पाठिंबा कशाला पायजे?"

आयपीएल सुरू झाली आणि अण्णांना दिवस बरे आले, कारण तिथे प्रत्येकाच्या पाठीवर किंमतच चिकटवलेली. २००८ साली मुंबईचा संघ विकला गेला ११ कोटी १९ लाख डॉलरला, तर राजस्थानचा ६ कोटी ७० लाखांना, आठांत सगळ्यांत स्वस्त. अण्णांनी यादी वरून खाली वाचलीच नाही, खालूनच सुरुवात केली. शेन वॉर्नने नवख्या पोरांना हाताशी धरलं, सलामीला गोव्याचा स्वप्नील अस्नोडकर, आणि १ जूनला नेरूळच्या मैदानावर, धोनीवर पंधरा लाख डॉलर ओतणाऱ्या चेन्नईला शेवटच्या चेंडूवर पाडलं. त्या रात्री अण्णांनी पेठेतल्या सगळ्यांची भजी खाल्ली आणि सकाळी राजस्थान सोडलं. २००८ला तळाशी गेलेलं हैदराबादचं डेक्कन चार्जर्स धरलं. २००९चा कप त्यांनी नेला! सलग दोन वर्षं. पेठेत अण्णांकडे लोक पोरांच्या पत्रिका घेऊन यायचे बाकी राहिले होते. मग तेही सोडणं आलं. २०१०ला पंजाब तळाला गेलं तसं ते त्यांनी धरलं, आणि तिथे त्यांचा जीव रमला. २०१४ला आणि २०२५ला पंजाब फायनलला गेलं तेव्हा अण्णांच्या पोटात गोळा आला होता. जिंकले असते तर इतक्या वर्षांचा संबंध तोडावा लागला असता.

अण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, हे सांगायचं राहिलं. तरी वाइन ह्या विषयावर ते अधिकारवाणीने बोलतात. २४ मे १९७६, पॅरिस. स्टीव्हन स्परिअर नावाच्या इंग्रज वाइनविक्रेत्याने फ्रेंच परीक्षकांपुढे लेबलं झाकून पेले ठेवले. फ्रान्सची खानदानी घराणी एकीकडे, कॅलिफोर्नियाचे काल आलेले लोक दुसरीकडे. पांढऱ्यात पहिली आली कॅलिफोर्नियाची शातो मोंतलेना, तांबड्यात स्टॅग्ज लीप, आणि मूतों रोथशिल्डसारखं घराणं मागे. एक परीक्षक कॅलिफोर्नियाचा घोट घेऊन, आता कसं फ्रान्समध्ये परत आल्यासारखं वाटतंय, म्हणून सुखावला. निकाल कळल्यावर एका परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिकाच परत मागितली. अण्णा हे सांगताना त्या बाईंचा हात पुढे करून दाखवतात. मात्र जिंकलेल्या त्या दोन बाटल्या आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत, असं मी सांगितलं तेव्हा अण्णा एकदम थंड झाले. "संग्रहालयात? मग गेली ती कामातनं."

आपल्याच जिल्ह्यात वाइन होते हे कळल्यावर तर त्यांना भरून आलं होतं. माळशिरस तालुक्यात, अकलूजच्या बाजूला, मोटेवाडीच्या माळावर द्राक्षं लावलेली. इटलीचे भाऊ, दिल्लीचे भाऊ आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, अशा तीन घरच्या भावांनी मिळून काढलेली फ्रातेल्ली. वाइन करायला इटलीतल्या टस्कनीहून पिएरो मासी आला. दुष्काळी जिल्हा, टँकरचं पाणी, ज्वारीची कणसं आणि त्यात वाइन! ह्याहून दुबळा पैलवान कुठे मिळणार? अण्णा दोन महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला मोटेवाडी सांगत होते. मग कुणीतरी त्यांना फ्रातेल्लीच्या 'सेत्ते' नावाच्या भारीतल्या बाटलीचा चार आकडी भाव सांगितला. अण्णांनी विषय बदलून पंढरपूरच्या वारीवर आणला.

बेसबॉल त्यांच्या आयुष्यात पुतण्यामुळे आला. पुतण्या कॅलिफोर्नियात असतो, सुट्टीला आला की काकांना खुराक घालतो. ओकलंडचा संघ २००२ साली खेळाडूंवर चार कोटी डॉलर खर्च करायचा, न्यूयॉर्क यांकीज साडेबारा कोटी, आणि मोसमाअखेर दोघांचेही विजय १०३. मधे ओकलंडने सलग वीस सामने मारले. बेसबॉलमध्ये किती गडी खेळतात हे अण्णांना आजही माहीत नाही, पण ओकलंडचा हिशेब तोंडपाठ. पुतण्याने पुढचंही समजावलं. मोसमात एकेका संघाचे १६२ सामने. चांगल्यातला चांगलाही साठेक सामने हरतोच, म्हणजे एखाद्या दिवशी कुणीही कुणालाही पाडू शकतं. लोक मात्र नावाजलेल्या संघामागे धावतात, म्हणून पडेल संघावर जरा बरा भाव मिळून जातो. १९९४ साली वुडलँड आडनावाच्या दोन अभ्यासकांनी तिथल्या बेटिंगचे आकडे तपासून हेच दाखवलं. अण्णा ऐकता ऐकता छाती फुगवून बसले.

"पण घोड्यांत उलटं असतंय अण्णा," पुतण्या म्हणाला. "तिथं लोकांना लांबच्या भावाचाच मोह. मरतुकड्या घोड्यावर पैसा इतका पडतो, की शेवटी तो तोट्याचाच सौदा."

अण्णा बोलले नाहीत. पुण्याच्या रेसकोर्सला ते आयुष्यात एकदा गेलेत, मित्रांच्या आग्रहाने, आणि तत्त्वाला मुरड घालून त्यांनी तिथे एका घोड्यावर रोख दहा रुपये लावले होते. तो घोडा आला तेव्हा पुढच्या शर्यतीचे घोडे बाहेर काढत होते, असं मित्र सांगतात. वहीत नोंद नाही. वाइनच्या एका पाहणीचंही तसंच. सहा हजारांवर पेले लेबल झाकून चाखवले, तर साध्या माणसांना महाग वाइन किंचित कमीच आवडली, पण ज्यांची जीभ शिकलेली होती त्यांचा कल उलटा निघाला. अण्णांच्या वहीत ह्यातला पहिला अर्धाच आहे. ओकलंडचा संघ २०२४ला गाव सोडून गेला, लास व्हेगासच्या वाटेवर सध्या सॅक्रामेंटोत खेळतोय. अण्णा त्यांना विचारतसुद्धा नाहीत. पैशाच्या मागे गेलेली पोरं म्हणतात.

ह्या सगळ्यात अण्णांची खरी पंचाईत केली ती शेजारच्या कारखानदाराने. त्यांचे चादरीचे माग आहेत, खटखट आमच्या गल्लीपर्यंत येते. कोजागरीच्या आधीचे दिवस. तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी रूपाभवानीच्या देवळाकडचा रस्ता भरलेला, आणि कडेला एकाने प्लॅस्टिक अंथरून चादरी मांडलेल्या, वर पाटी 'सोलापुरी चादर', भाव निम्म्याहून कमी. माल पानिपतचा. गिऱ्हाईक तुटून पडलेलं. खऱ्या सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, जकार्डवर विणलेली, चांगलं वजन, दोन्ही बाजूंनी नक्षी, पोरगं लहान असताना घेतलेली त्याच्या लग्नापर्यंत टिकणारी. तिला लोक हात लावून बघलालते आणि पानिपतची उचलून चाललालते.

कारखानदारांनी अण्णांना तिथेच गाठलं. "बोला अण्णा. स्वस्त कोण? पानिपत. महाग कोण? मी. जिंकलालं कोण ते बघलालाव न्हवं? काढा वही. पेनबी देतो."

आयुष्यात पहिल्यांदा अण्णांच्या कपाळाला घाम दिसला. स्वस्ताची बाजू सोडावी तर वही खोटी, धरावी तर रात्री त्याच मागांच्या आवाजात झोपायचं. पाच मिनिटं त्यांनी पाटीकडे बघितलं. मग एकदम चेहरा उजळला.

"पानिपतचं नाव काढलंस न्हवं? मग तिथं दुबळी बाजू मराठ्यांची. १७६१पासनं."

आणि त्यांनी खिशातून पैसे काढून पूर्ण भावाने एक डबल चादर घेतली. घरी आधीच चार आहेत. काकूंनी काय म्हटलं ते गल्लीने ऐकलं.

गेल्या दिवाळीत पुतण्याने त्यांची परीक्षाच घ्यायची ठरवली. सोलापुरात ती वाइनवर होणं शक्य नव्हतं, म्हणून शेंगाचटणीवर. तीन वाट्या. एक बाजारातली सुटी, एक काकूंनी उखळात कांडलेली, जिला कडेने तेल सुटलेलं, आणि एक पुण्याच्या मॉलमधून आणलेली, काचेच्या बरणीतली, जिच्या किमतीत इथे शेंगांचं पोतं दारात येईल. कुठली कुठली ते फक्त पुतण्याला ठाऊक. सोबत कडक भाकरी. कट्ट्यावर सात-आठ जण, कारखानदारांसकट. हरला त्याने सगळ्यांना भजी द्यायची.

अण्णांनी पहिल्या वाटीतली चिमूट जिभेवर ठेवली. दुसरीतली ठेवली. तिसरीतली. पाणी प्याले. पुन्हा पहिली. चेहऱ्यावर काही उमटेना. लसूण जास्त, तिखट कमी, असं काहीतरी बोलतील म्हणून आम्ही वाट बघतोय आणि ते वाट्यांकडे परक्या माणसांकडे बघावं तसे बघतायत.

"भाव काय हाय रे ह्यांचे?" शेवटी हळूच विचारलं.

"भाव नाही सांगायचा अण्णा. तीच तर गंमत आहे."

"सगळ्यांचा न्हाई, एकीचा सांग की."

"नाही."

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, पुन्हा ठेवला. बाकीच्यांनी तोवर आपापला कौल देऊन टाकला होता. एक-दोन सोडले तर सगळे दुसऱ्या वाटीवर. ते कळताच अण्णा सरळ बसले, मांडी ठोकली आणि आवाज पूर्ववत झाला.

"दोन नंबरला सगळी गर्दी? मग आपलं मत तीन नंबरला. कोपऱ्यात पडलीय बिचारी."

पुतण्याने चिठ्ठ्या उलटल्या. दोन नंबर काकूंची. तीन नंबर पुण्याची बरणी, वर किमतीचं लेबल होतं तसं. हसण्याचा एवढा गलका झाला, की काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. कारखानदारांनी ते लेबल अण्णांच्या नाकासमोर धरलं.

अण्णांनी चष्मा वर करून आकडा नीट वाचला, लेबल परत दिलं आणि भजीवाल्याला हाक मारता मारता म्हणाले, "बघितलाव न्हवं? किमतीकडं बघून खाणाऱ्यातला मी न्हवंच ओ."