लढाई पाहावी चालून
नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका (धानोरा, नंदुरबार व पंचक्रोशीतील मंडळींसाठी खास सूचनांसह)

लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून. आणि हे दोन्ही उरकूनही गुडघे शाबूत असतील, तर लढाई पाहावी चालून. पुण्यात सकाळच्या वेळी अशा सहली निघतात. पुढे एक माहितगार, मागे टोप्या घातलेला घोळका. घोळका अचानक थांबतो आणि एका बंद शटरकडे आदरानं पाहू लागतो. समजा, लढाई तिथे झाली.

नंदुरबारहून रात्रीची गाडी धरून तुम्ही यासाठी निघालात, तर घरून प्रश्न येणारच, "काय शे तठे?" खरं उत्तर "काहीच नही" असं आहे. त्या काहीच-नहीकडे नीट कसं पाहायचं, ते इथे सांगितलं आहे.

सरावासाठी पेशवे आणि इंग्रजांमधली खडकीची लढाई घ्यावी. तारीख 5 नोव्हेंबर 1817. दुपारी सुरू होऊन संध्याकाळी आटोपलेली असल्यामुळे नवशिक्यांना झेपते.

साहित्य

जुने बूट, पाणी, टोपी. रिक्षासाठी सुटे पैसे, कारण पायी सहल म्हणजे दोन रिक्षांच्या मधलं चालणं. दोन नकाशे: एक मोबाइलमधला आणि एक डोक्यातला. डोक्यातल्या नकाशात इमारती काढू नयेत. दोन नद्या, काही टेकड्या आणि एक खिंड एवढंच पुरे. इतिहासाचं ज्ञान चवीपुरतं. संपूर्ण असेल तर घरीच ठेवून यावं. सोबतच्यांना त्रास होतो.

पायरी पहिली: पर्वती चढा

पायऱ्या 103. पेशवे दुसऱ्या बाजीरावांनी लढाई इथून पाहिली. ते युद्धभूमीचे पहिले पर्यटक होते, असं माहितगार म्हणेल आणि हशा पिकेल. तुम्हीही हसा, पण लगेच विचारा, "खडकी कुठल्या बाजूला?" उत्तरेला, इमारतींच्या दाटीत कुठेतरी बोट दाखवलं जाईल. दिसणार काही नाही. पेशव्यांनाही धुरापलीकडे फारसं दिसलं नसेल.

इथे अंतर मोजायला शिका. पहिली तोफ आपण डागू नये, असा निरोप पेशव्यांनी आपले सेनापती बापू गोखल्यांना धाडला. पण काय निरोप असेल ते ओळखून गोखल्यांनी आधीच तोफा सुरू केल्या, असं इंग्रज बाजूचा इतिहासकार ग्रँट डफ लिहितो. घोडेस्वाराला पर्वतीहून मैदान गाठायला लागणारा वेळ हाही त्या लढाईतला एक सरदार होता. कुठल्या यादीत त्याचं नाव सापडत नाही; पर्वतीवर उभं राहिलं की सापडतं.

पायरी दुसरी: संगमावर या

रिक्षा करा. मुळा-मुठेच्या संगमावर इंग्रजांची रेसिडेन्सी होती. रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्या दुपारी तिथून निघाला आणि नदी ओलांडून खडकीच्या पुलाजवळच्या पलटणीला जाऊन मिळाला. मागे बंगला पेटला. त्यात त्याची पुस्तकं आणि कागद जळाले. आज तिथे पूल आहे, रेल्वे आहे आणि जवळच आरटीओ आहे. लायसनच्या रांगेला पाहून घोळक्यातला कोणीतरी "इथे अजून लढाई चालू आहे" असं म्हणेल. हा विनोद प्रत्येक सहलीत होतो; तिकिटात धरलेला असतो.

तुम्ही मात्र नदीकडे पाहा. पाणी कुठे उथळ होतं, कुठून उतरता आलं असतं? रेसिडेंटचा जीव नदी उतरता येण्याच्या जागेवर अवलंबून होता. तापीकाठच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

पायरी तिसरी: गणेशखिंड

पेशव्यांचं सैन्य टेकड्या पाठीशी घेऊन गणेशखिंडीपासून संगमाच्या बाजूपर्यंत पसरलेलं होतं. आकडे असे सांगितले जातात: पेशव्यांचे घोडेस्वार 18,000, पायदळ 8,000 आणि तोफा 14, समोर इंग्रजांचे सुमारे 2,800. हे आकडे वहीत उतरवून घ्या आणि शेजारी पेन्सिलीनं लिहा, "मोजणारा जिंकलेल्या बाजूचा."

आज इथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. त्याची मुख्य इमारत मुळात मुंबईच्या गव्हर्नरसाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेली. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल 2020 मध्ये पाडला. चौक ओलांडताना 18,000 घोडेस्वारांचा विचार करू नका, डावी-उजवीकडे पाहा.

सावधान, इथे नवशिक्यांचा घोटाळा होतो. याच रस्त्यावर 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. दोन्ही घटनांत 80 वर्षांचं अंतर आहे. तरी दर सहलीत एखादा तरी रँडला गोखल्यांच्या समोर उभा करतो. शहरातल्या जागांवर एका वेळी एकच इतिहास असतो हा समज बसमध्येच सोडून यावा.

पायरी चौथी: खडकी

मुख्य भाग हा. लढाईच्या वेळी दसरा झालेला, दिवाळी तोंडावर, म्हणजे पावसाळा नुकताच सरलेला. शेतकऱ्याला एवढ्यावरून जमीन कशी असेल ते कळतं. दापोडीहून कॅप्टन फोर्डची पलटण इंग्रजांना येऊन मिळत होती. मराठी घोडदळ दौडत आलं. हा देखावा डफनं स्वतः पाहिला. खंबायतच्या आखातात भरतीची लाट गर्जत येते, ती पाहिलेल्यालाच हे दृश्य कळेल, असं तो लिहितो. आपली तापी त्याच आखाताला मिळते. ही तुलना पुणेकरापेक्षा तुम्हाला जवळची, याचा चारचौघांत उल्लेख करायला हरकत नाही.

ती लाट इंग्रजांच्या डाव्या फळीसमोरच्या दलदलीत रुतली. घोडे अडखळले, फळी विस्कटली, वरून गोळीबार झाला. जरीपटका या मराठी निशाणाबरोबर असलेले मोरोपंत दीक्षित तोफेच्या गोळ्यानं पडले. समोरच्या फोर्डशी त्यांची जुनी मैत्री होती. संध्याकाळी दोन्ही फौजा मागे सरल्या. इंग्रजांकडचे मृत आणि जखमी मिळून 86, मराठ्यांकडचे सुमारे 500. (पेन्सिल पुन्हा काढा.)

दलदल शोधायची कशी? तिला पाटी नाही. फळीवर कोण उभं होतं याच्या गप्पांपेक्षा जमिनीचा उतार पाहा, नाला कुठून वाहतो ते विचारा. पावसाळ्यात गेलात तर पाणी कुठे साचतं ते पाहा आणि महानगरपालिकेला शिव्या देणाऱ्या गृहस्थांशेजारी क्षणभर थांबा. शहरानं वाडे पाडले, झाडं तोडली, नावं बदलली. पाण्याचा उतार मात्र त्याला पूर्ण मोडता आलेला नाही. युद्धभूमीवरचा सगळ्यात जुना साक्षीदार हा उतार.

दोन इशारे. खडकीत छावणी आहे आणि 1869 पासूनचा दारूगोळा कारखाना आहे, म्हणून कॅमेरा खिशात ठेवा. 1817 चा फोटो इथून निघणार नाही आणि आजचा कोणी काढू देणार नाही. दुसरं, खडकीची युद्ध-दफनभूमी पाहून गहिवरलात तर जरूर गहिवरा, पण शिलालेख वाचून. तिथल्या दीड हजारांहून अधिक कबरी दुसऱ्या महायुद्धातल्या आहेत. बापू गोखल्यांचा तिथे संबंध नाही.

पायरी पाचवी: शनिवारवाडा

सहलीचा शेवट इथेच करतात, कारण जवळ चहा मिळतो. नवशिके दिल्ली दरवाज्यावर खडकीच्या तोफांच्या खुणा शोधतात. शोधू नका. खडकीनंतर इंग्रजांच्या जनरल स्मिथची फौज येऊन पोहोचली, 16 नोव्हेंबरला येरवड्याच्या बाजूला चकमक झाली, रात्री पेशवे पुणं सोडून गेले आणि 17 तारखेला वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. ते चढवण्यात इंग्रजांना मिळालेले बाळाजीपंत नातू पुढे होते. आतले महाल गेले ते 1828 च्या आगीत. राज्य हरलं ते चिखलात; वाड्यावर फक्त कापड बदललं.

सोबतची मंडळी

दर घोळक्यात एक "जर-तर"वाले असतात. "जर गोखल्यांना दलदल ठाऊक असती..." इथून सुरुवात करून चहा येईपर्यंत ते लढाई जिंकतात. त्यांना जिंकू द्या. एक वंशज असतात. त्यांचे पूर्वज नेमके त्याच टेकडीमागे होते. आणि एक असतात प्रत्येक जागी "इथे काहीच नाही की!" म्हणणारे. खरं तर योग्य विद्यार्थी हाच. त्याच्याजवळ चाला.

पुढचा अभ्यासक्रम: घरच्या वाटेवर

पुणं जमलं की थाळनेरला जा. शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठावर. होळकरांनी मंदसोरच्या तहात खानदेश सोडला, तरी थाळनेरच्या किल्लेदारानं दार सोडलं नाही. 27 फेब्रुवारी 1818 ला इंग्रजांच्या सर थॉमस हिस्लॉपची फौज आली. दरवाज्यात बोलणी चालू असताना झटापट झाली, इंग्रजांचे अधिकारी पडले, मग आतली शिबंदी कापून काढली गेली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिलं. त्यावर पुढे विलायतेच्या पार्लमेंटातही प्रश्न निघाले. तिथे माहितगार नाही, टोप्या नाहीत, चहावालाही असेलच असं नाही. नदी आहे, उंच काठ आहे. एवढ्या साहित्यात तुम्हाला आता जमायला हवं.

स्वाध्याय

1. रिकामी जागा भरा: खडकीत मराठी घोडदळ ______मध्ये अडकलं. ("नशिबा" हे उत्तर ग्राह्य नाही.)

2. कारणे द्या: पर्वतीवरून दिलेला हुकूम खडकीला उशिरा पोहोचतो.

3. जोड्या लावा: मोरोपंत दीक्षित, रँड, तुळशीराम मामा, 1897, थाळनेर, जरीपटका.

4. थोडक्यात उत्तर द्या: युद्ध नव्हे, पण महायुद्धाच्याच काळातली गोष्ट. नंदुरबारच्या बाजारपेठेत 9 सप्टेंबर 1942 ला स्वातंत्र्यलढ्याच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा हे पाच जण गेले. मिरवणूक कुठल्या बाजूनं आली, पोलीस कुठे उभे होते, गल्ली कुठे अरुंद होते? पुण्याची गाडी धरण्याआधी जाऊन पाहा. हा प्रश्न सोडवल्याशिवाय बाकीचे तपासले जाणार नाहीत.