वर्गणीतून क्वार्टरबॅक: नवोदितांसाठी मार्गदर्शिका

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघावर तुमचा जीव जडला असेल, तो संघ सारखा हरत असेल आणि खिशात थोडे पैसे खुळखुळत असतील, तर ‘कलेक्टिव्ह’, म्हणजे चाहत्यांच्या वर्गणीतून खेळाडूंना पैसे पुरवणारी संस्था, काढायला तुम्ही सर्वस्वी पात्र आहात. खेळातलं काही कळायला हवं असं नाही. वकील मात्र हवा.

आधी थोडा इतिहास, म्हणजे कृतज्ञता वाटेल. टेक्ससमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या चाहत्यांनी खेळाडूंना गुपचूप पैसे पोचवले म्हणून एनसीएए या नियामक संघटनेनं त्या विद्यापीठाचा १९८७ चा अख्खा फुटबॉल हंगाम रद्द केला होता. तुम्ही करणार आहात ते बरंचसं तेच, फक्त आता पावती फाडता येते. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ऑल्स्टन खटल्यात ९-० अशा एकमतानं एनसीएएविरुद्ध निकाल दिला. तो होता शिक्षणाशी निगडित लाभांपुरता, पण संघटनेनं धसका घेतला आणि १ जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव, प्रतिमा आणि छबी विकण्याची मुभा मिळाली. याला म्हणायचं ‘एनआयएल’ (नेम, इमेज, लाइकनेस). ही तीन अक्षरं पाठ करा; पुढे सगळं त्यांच्याच आडोशानं करायचं आहे.

पहिली पायरी, नाव. विद्यापीठाचं अधिकृत नाव टाळा, कारण तुम्ही त्यापासून ‘पूर्णपणे स्वतंत्र’ आहात. टेनेसीवाल्यांनी ‘व्हॉलंटियर क्लब’ काढला, पेन स्टेटवाल्यांनी ‘हॅपी व्हॅली युनायटेड’. खवळलेल्या चाहत्यांच्या टोळीला ‘आनंदी दरी’ म्हणायला धैर्य लागतं.

दुसरी पायरी, वर्गणी. सामान्य चाहत्याकडून दरमहा थोडी घ्या, बदल्यात टोपी आणि खेळाडूंबरोबर फोटो द्या. खरी रक्कम एखादा तेलवाला किंवा मोटारविक्रेता देईल. आपल्याकडून एमएस करायला गेलेले आणि तिथेच रमलेले माजी विद्यार्थीही चालतील. मात्र त्यांची भाची एफ-१ व्हिसावर टेनिस खेळत असेल, तर तिला अमेरिकेत जाहिरातीचं काम देऊ नका. त्या व्हिसावर कामाची बंधनं कडक असतात.

तिसरी पायरी सगळ्यात कठीण: खेळाडूला काम शोधणं. पैसे ठरलेले असतात, ते कशाबद्दल द्यायचे हे नंतर सुचावं लागतं. कधी देवच मदत करतो. नेब्रास्काच्या एका रिसीव्हरचं, म्हणजे चेंडू झेलणाऱ्याचं, नाव डिकोल्डेस्ट क्रॉफर्ड, म्हणजे जवळजवळ ‘सर्वांत थंड’. २०२२ साली ओमाहातल्या एका एसी कंपनीनं त्याला जाहिरातीत घेतलं. यात वादाला जागाच नाही. पण पुढच्या फळीत धक्काबुक्की करणाऱ्या लेफ्ट गार्डचं काय करणार? त्याच्या घरच्यांखेरीज त्याचा चेहरा कुणी नीट पाहिलेला नसतो. टेक्ससमध्ये यावर उपाय निघाला. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या ‘हॉर्न्स विथ हार्ट’ या चाहत्यांच्या संस्थेनं ऑफेन्सिव्ह लाइनमधल्या, म्हणजे याच फळीतल्या, शिष्यवृत्तीवरच्या प्रत्येकाला वर्षाला ५०,००० डॉलर जाहीर केले, कशासाठी, तर समाजकार्याला हातभार लावल्याबद्दल. दीडशे किलोच्या माणसानं अन्नछत्रात तासभर उभं राहावं, चार मुलांना सह्या द्याव्यात, एक व्हिडिओ टाकावा. सहीचा बाजारभाव विचारू नका.

करारात दोन गोष्टी चुकूनही लिहू नका: ‘आमच्याच संघाकडून खेळ’ आणि ‘चांगला खेळ’. त्या फोनवर बोलायच्या, शक्यतो खेळाडूच्या काकांशी.

आकडा लिहिण्याआधी गल्ला मोजा. फ्लोरिडा विद्यापीठात यायला निघालेल्या जेडन रशाडा या क्वार्टरबॅकशी, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या म्होरक्याशी, झालेला करार १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचा असल्याचं छापून आलं. तो करार रद्द झाला, मुलगा ॲरिझोना स्टेटला गेला आणि २०२४ साली त्यानं फ्लोरिडाच्या प्रशिक्षकावरही दावा ठोकला. तोंडी वचनही नको. सप्टेंबर २०२४ मध्ये लास व्हेगासच्या नेवाडा विद्यापीठाचा संघ तिन्ही सामने जिंकून बसला असताना क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लुका घरी निघाला. त्याच्या एजंटचं म्हणणं, एक लाख डॉलर कबूल केले होते. दुसरी बाजू म्हणाली, असं काही ठरलंच नव्हतं.

धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी करून देणगीदारांना करसवलत द्यायचा मोह होईल. जून २०२३ मध्ये अमेरिकी कर खात्यानं लिहून कळवलं की अशा अनेक संस्थांचा लाभ मुख्यतः खेळाडूंनाच होतो, त्यामुळे त्या सवलतीला पात्र नसाव्यात. हे शोधून काढायला खात्याला दोन वर्षं लागली, यावरून तुमच्या वकिलाची किंमत कळावी.

२०२५ पासून मात्र धंद्यात मंदी आहे. एनसीएएविरुद्धच्या हाउस खटल्यातल्या तडजोडीनंतर विद्यापीठंच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. आणि बाहेरचा ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा प्रत्येक करार ‘एनआयएल गो’ नावाच्या चाळणीतून जातो, जी डेलॉइट चालवते. या करारामागे खरा धंदा आहे का, भाव वाजवी आहे का, असले अशिष्ट प्रश्न तिथे विचारले जातात. उपाय: काहीतरी विका. टीशर्ट, पॉपकॉर्न, कार्यक्रमाची तिकिटं. चार वर्षं जे केवळ निमित्त होतं, ते आता खरोखर करून दाखवावं लागेल.

शेवटी तक्रारींविषयी. खेळाडू हंगाम संपताच ट्रान्सफर पोर्टल या संघबदलाच्या यादीत नाव नोंदवून दुसरीकडे गेला, तर वर्गणी परत मिळत नाही. टेनेसीचा लाडका क्वार्टरबॅक निको इआमालेआवा एप्रिल २०२५ मध्ये यूसीएलए विद्यापीठात गेला, तेव्हा त्याच्या नावाचे शर्ट चाहत्यांच्या कपाटातच होते. आणि खेळाडू गेला नाही, राहिला, पण ऐन सामन्यात त्यानं तीनदा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात फेकला, तरीही तुम्हाला करारभंगाचा दावा लावता येणार नाही. खेळण्याबद्दल करारात काही नव्हतंच, आणि सह्या त्यानं वेळेवर केल्या होत्या.