ड्युटीवाले गुरुजी

अमेरिकेत मतदानाच्या दिवशी निवृत्त मंडळी आपणहून नाव नोंदवून केंद्रावर कामाला बसतात. ही गोष्ट सटाण्याच्या एखाद्या शाळेतल्या स्टाफरूममध्ये सांगून पाहावी. कोणाच्या तरी नाकातून चहा बाहेर येईल. आपल्याकडे नाव नोंदवावे लागत नाही. आदेश येतो. त्यावर नाव, पद, प्रशिक्षणाची तारीख आणि गैरहजर राहिल्यास लागू होणारे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 134, असे सगळे छापलेले असते.

आदेश हातात पडला की गुरुजींचा रक्तदाब वाढतो. तो खरोखर वाढला असेल तर बरेच, कारण सूट मिळण्यासाठी करायच्या अर्जात तेच पहिले कारण असते. दुसरे कारण मणक्याचे. तिसरे साडूच्या मुलीच्या लग्नाचे; इथले लोकसभेचे मतदान 2024 मध्ये 20 मे रोजी, म्हणजे ऐन लग्नसराईत आल्याने त्या वर्षी हे कारण फार चालले. म्हणजे लिहिले फार गेले. मंजूर झाले असे नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही, हे गुरुजी तावातावाने सांगतात. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांना त्याच कलमात मोकळीक आहे, हेही त्यांना पाठ आहे. म्हणून ते कलमाचा पहिला अर्धाच मोठ्याने म्हणतात.

पण एखाद्या वर्षी यादीत नावच आले नाही, तर गुरुजींचा चेहरा पाहावा. दुपारपर्यंत ते तीनदा विचारतात, "यादी पूर्ण आली ना?"

सटाणा हे एका सरकारी नोकराला देव मानणारे गाव. यशवंतराव महाराज इथे मामलेदार होते. 1870-71 च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी उघडला. आज देवमामलेदार म्हणून त्यांचे मंदिर आहे आणि दरवर्षी यात्रा भरते. गुरुजी ड्युटीला निघताना तिथे हात जोडतात खरे, पण दोन काळांतला फरक त्यांना पक्का ठाऊक आहे: महाराजांनी तिजोरी उघडली आणि ते देव झाले, आपण लाखेचे एक सील उघडले तर निलंबित होऊ.

विधानसभेला आपल्या मतदारसंघात नेमणूक मिळत नाही. त्यामुळे सटाण्याचे, म्हणजे बागलाण मतदारसंघातले गुरुजी कधी कळवणला जातात, कधी मालेगावला. आदल्या दिवशी साहित्य मिळते. कंट्रोल युनिट, बॅलट युनिट, व्हीव्हीपॅट. शिवाय मेणबत्ती, काडेपेटी, सुतळी, ब्लेड, पितळी मोहर, कार्बन. शाईची बाटली कलंडू नये म्हणून ती वाळू किंवा माती भरलेल्या डब्यात रोवून ठेवावी, अशी सूचना पुस्तिकेत आहे. ही वाळू आणायची कुठून, यावर गुरुजी प्रशिक्षणात प्रश्न विचारतात आणि मागच्या रांगेतून हशा येतो. गुरुजी मात्र गंभीर असतात. त्यांनी घरूनच पुडी बांधून आणलेली असते.

रात्री मुक्काम मतदान केंद्राच्याच शाळेत. दोन बाक जोडून पाठ टेकण्याआधी गुरुजी परक्या शाळेच्या फळ्यावरचा सुविचार वाचतात आणि त्यातला ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करतात. मग झोप लागते, असे ते म्हणतात.

पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान. किमान 50 मते टाकायची, निकाल दाखवायचा, मग यंत्रातली मते पुसायची आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात बंद करायच्या. मते पुसायची राहिली की पुढचे सगळे गणित फसले. त्यामुळे 'क्लिअर' केल्यावर गुरुजी उमेदवारांच्या प्रत्येक प्रतिनिधीला शून्य दाखवतात, मग शिपायाला, मग बंदोबस्ताच्या पोलिसाला. वर्गात इतक्या प्रेमाने त्यांनी शून्य कधी दाखवलेले नसते.

सात वाजले की रांग सुरू. केंद्र मालेगावात असेल तर यंत्रमागावरची पाळी संपवून आलेले कामगार, लेकुरवाळ्या बायका, काठी टेकत आलेली एखादी खाला. "मास्टर, कौनसा दबाऊँ?" यावर "जो दिल में है वो" एवढेच उत्तर गुरुजींना परवडते, पुठ्ठ्याच्या नमुन्यावर ते फक्त रीत दाखवतात. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते, पण काही मतदार ती दिसेनाशी झाल्यावरही आत वाकून पाहत राहतात आणि बाहेर रांग कुरकुरते.

खरी मजा आक्षेपाची. हा मतदार तो नव्हेच, असे प्रतिनिधीला वाटले तर त्याने दोन रुपये रोख भरायचे. नियम जुना, रक्कमही जुनी. आता पैसे सगळ्यांच्या फोनमध्ये आणि फोनला मतदान केंद्रात मज्जाव. दोन रुपयांच्या नाण्यासाठी सगळे खिसे उलटे होतात. तोवर आक्षेपाचा जोर ओसरतो.

सहा वाजता दाराशी रांग असेल तर चिठ्ठ्या वाटायच्या, त्याही शेवटच्या माणसापासून सुरुवात करून. पुढून वाटल्या तर शेपूट वाढतच जाते. हे पुस्तिकेतले शहाणपण गुरुजींनी वर्गातही वापरून पाहिले आहे.

या काटेकोरपणाची टिंगल होते, पण त्याला कारण आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये बागलाणचा निकाल सुमारे 1 लाख 29 हजार मतांच्या फरकाने लागला, तर शेजारच्या मालेगाव मध्यचा अवघ्या 162 मतांनी. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मतदान झालेली धुळे लोकसभेची जागा, जिच्यात हे दोन्ही मतदारसंघ येतात, 3,831 मतांनी ठरली होती. 162 मतांनी ठरलेल्या मतदारसंघात मतांच्या हिशेबाच्या नमुना 17 क मधली एक बेरीज चुकली असती तर काय झाले असते, हे गुरुजी पुढे वर्षभर भेटेल त्याला समजावत होते. रात्री दीड वाजता साहित्य जमा करण्याच्या रांगेत "आता हे शेवटचे" म्हणणारे तेच.

डिसेंबर 2025 मध्ये सटाणा नगरपरिषदेची निवडणूक आली. नगराध्यक्षासह एकेका मतदाराची अनेक मते, व्हीव्हीपॅट नाही, आयोगही वेगळा, राज्याचा. म्हणजे नवे प्रशिक्षण आणि नवा अर्ज. कारण जुनेच: मणका.

पुढच्या वेळी रांगेत उभे राहाल तेव्हा एवढे करा: यादीतला अनुक्रमांक असलेली चिठ्ठी आणि ओळखपत्र टेबलाशी पोहोचण्याआधीच हातात काढून ठेवा. आणि खिशात दोन रुपयांचे नाणे असेल तर ते बाहेर दिसू देऊ नका.